विदर्भातील बुडालेले अवशेष शोधून त्यांची छायाचित्रे घेण्यासाठी नवख्यांकरिता मार्गदर्शक

पाण्याखालचे पुरातत्त्व म्हटले की द्वारकेचा समुद्र आठवतो. विदर्भाला समुद्र नाही. तरीही धरणांच्या बुडीत क्षेत्रांत गेलेली गावठाणे, भंडारा-गोंदियाकडील माजी मालगुजारी तलाव (पूर्वी मालगुजार जमीनदारांकडे असलेले, थोडक्यात 'मामा' तलाव), वऱ्हाडातील पायविहिरी आणि वैनगंगा-वर्धेचे डोह यांत जुने बांधकाम, वीरगळ (वीरांच्या स्मारकशिळा), सतीशिळा आणि घाटांच्या पायऱ्या मोठ्या संख्येने पाण्याखाली आहेत. या कामात उतरण्यापूर्वी मला कोणी सांगितले असते तर माझा बराच वेळ वाचला असता अशा गोष्टी येथे क्रमाने मांडल्या आहेत. त्यांतील मुख्य गोष्ट अशी की, आपल्याकडील बुडालेले स्थळ आधी कागदावर सापडते, मग माणसांच्या आठवणीत, नंतर वैशाखातील उघड्या गाळात आणि सर्वांत शेवटी पाण्यात. हा क्रम उलटा केला की गढूळ पाण्यात हात चाचपडत फिरण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

१. कोठे जायचे नाही, हे आधी ठरवा

नवखा माणूस सर्वप्रथम लोणार आणि तोतलाडोह ही दोनच नावे घेतो, आणि या दोन्ही ठिकाणी पाण्यात उतरण्याचा विचार त्याने सोडून द्यावा. लोणार सरोवर वन्यजीव अभयारण्यात असून 2020 मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला आहे; त्याचे पाणी खारट व अल्कधर्मी आहे आणि काठावरची मंदिरे काठावरूनच पाहायची आहेत. तोतलाडोहचा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो. ताडोबा आणि नवेगावबांध या तलावांचेही तसेच. शिवाय ताडोबाच्या तलावात मगरी आहेत. अशा ठिकाणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 लागू होतो आणि 'फक्त फोटो काढायचे होते' हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही.

संरक्षित स्मारकांबाबतही सावध राहावे. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरचे प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटरचे विनियमित क्षेत्र असते. ही मर्यादा बांधकाम आणि खोदकामासाठी असली, तरी गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे मंदिरसमूहाच्या पायथ्याशी वैनगंगेत साधने घेऊन उतरायचे असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला आधी लेखी कळवणेच योग्य.

नवख्याला माझा सल्ला असा की, आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर असलेला एकच जलाशय निवडावा. त्याचा गाळ, त्याचे वारे आणि त्यावर जगणारी माणसे ओळखीची होईपर्यंत दुसरीकडे जाऊ नये.

२. कागदावर शोध घ्या

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण निम्म्याहून अधिक स्थळे येथेच सापडतात. धरणापूर्वीचे भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे मिळवावेत. त्यांवर गावठाण, मंदिर, विहीर, तलावाची पाळ अशा खुणा असतात. आजच्या उपग्रह चित्रावर असा नकाशा बसवला की कोणती खूण पाण्याखाली गेली ते लगेच दिसते. नकाशा बसवताना रस्त्यांचे फाटे किंवा टेकडीचे माथे अशा न हललेल्या खुणा धराव्यात, कारण नदीचा काठ तेव्हा होता तेथे आज नसतो.

यानंतर महसुली कागद पाहावेत. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे जुन्या मध्य प्रांतातले आहेत. तेथे मालगुजारी 1950 च्या कायद्याने संपली, मात्र निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे गावाच्या सामायिक जागांची व वहिवाटीची नोंद करणारे कागद तहसील कार्यालयात टिकून आहेत. तलाव, आखर (गावची गुरे गोळा होण्याची जागा), स्मशान, देवस्थान यांचे खसरा क्रमांक त्यांत मिळतात, आणि भूमी अभिलेख कार्यालयातील गाव नकाशावर ते क्रमांक शोधता येतात. अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा आणि यवतमाळ या वऱ्हाडी जिल्ह्यांत पद्धत रयतवारी होती, त्यामुळे तेथे हे कागद याच नावाने मागू नयेत. गाव नकाशा आणि जुने हक्कनोंदणीचे उतारे मागावेत.

धरणासाठी संपादन झालेल्या गावांबाबत सर्वांत उपयोगी कागद संयुक्त मोजणीचा आणि निवाड्याचा असतो. मोबदला ठरवण्यासाठी घरे, विहिरी आणि झाडे यांबरोबर पुष्कळदा देवळेही त्यात मोजलेली असतात. मोबदल्यासाठी मोजणारा कर्मचारी शिल्पाचे वर्णन करत नाही, पण 'दगडी देऊळ' एवढे दोन शब्द आपल्याला पुरेसे असतात. कागद सरळ मिळाला नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचे शुल्क भरून करता येतो आणि सामान्यतः 30 दिवसांत उत्तर अपेक्षित असते. अर्जात 'बुडालेल्या मंदिरांची माहिती द्यावी' असे मोघम लिहू नये. गावाचे नाव, भूसंपादन प्रकरण क्रमांक आणि हवा असलेला कागद स्पष्ट लिहावा.

जुन्या नोंदींपैकी विसाव्या शतकाच्या आरंभीची जिल्हा गॅझेटिअर आणि हेन्री कझिन्स यांनी 1897 मध्ये प्रसिद्ध केलेली मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी एवढे वाचले तरी पुरे. गावांच्या नावांचे इंग्रजी लेखन इतके वेडेवाकडे आहे की नाव मोठ्याने उच्चारून पाहिल्याखेरीज गाव ओळखू येत नाही.

उपग्रह चित्रांत दोन प्रकार विशेष कामाचे आहेत. अमेरिकेच्या कोरोना या टेहळणी उपग्रहांनी 1960 ते 1972 या काळात घेतलेली चित्रे 1995 मध्ये खुली झाली. त्यांत अनेक धरणांपूर्वीची गावे आणि तलावांच्या पाळी दिसतात. दुसरी माहिती उंचीची आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातून रडारने मोजलेली भूपृष्ठाची उंची विनामूल्य उपलब्ध आहे. ज्या धरणांत त्यानंतर पाणी साठले, त्यांच्या तळाचा आकार तीत कोरड्या जमिनीसारखा मिळतो. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 मध्ये झाली असली तरी पाणी 2000 नंतरच साठवले गेले, म्हणून तेथे ही माहिती उपयोगी पडते. इटियाडोहसारख्या आधीच्या धरणांवर मात्र तीत पाण्याची सपाट पातळीच दिसते आणि नवखे लोक तिलाच तळ समजून बसतात.

पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, गोसीखुर्दला 245.50 मीटर आणि ऊर्ध्व वर्धा धरणाला 342.50 मीटर आहे. त्या दिवसाच्या पातळीतून स्थळाची उंची वजा केली की खोलीचा अंदाज येतो. रडारच्या उंचीत काही मीटरची चूक असू शकते, त्यामुळे 6 मीटर खोली निघाली तर ती 2 ते 10 यांपैकी काहीही असेल असे धरून चालावे.

३. माणसांना योग्य प्रश्न विचारा

पुनर्वसित गावठाणात जाऊन 'बुडालेले पुरातन मंदिर कोठे आहे?' असे विचारले की सोन्याचा हंडा, सात दरवाजे आणि रात्री वाजणारी घंटा एवढेच ऐकायला मिळते. त्याऐवजी साधे प्रश्न विचारावेत. आखर कोठे भरत असे, मातामायचे ठाणे गावाच्या कोणत्या अंगाला होते, पोळा कोठे फुटायचा, धुण्याला कोणत्या घाटावर जावे लागे. शेवटचा प्रश्न आजीबाईंना विचारावा. घाटाची कोणती पायरी खचलेली होती हे त्यांना ठाऊक असते, आणि पुरुष मंडळी ज्याला 'काही दगड होते' म्हणून सोडून देतात त्या वीरगळावर कपडे आपटल्याचे त्या सहज सांगून जातात.

पुनर्वसनात गावकऱ्यांनी आपले देव नव्या गावी नेले, पण जड शिळा, नंदीचे चौथरे आणि विहिरीचे कठडे जुन्या जागी राहिले. नव्या देवळात उभे राहून 'यातले काय काय तिकडेच राहिले?' असे विचारल्यास यादी आपोआप तयार होते.

ढिवर आणि भोई मंडळींची माहिती सर्वांत अचूक असते. कोठे जाळे अडकते, हे त्यांना बोटाच्या टोकावर ठाऊक असते, आणि जाळे अडकते तेथे बुडालेले झाड, भिंत किंवा खांब यांपैकी काहीतरी असते. जलाशयाचा मासेमारी ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेच्या अध्यक्षांना भेटून, त्यांच्याच सभासदाचा डोंगा रोजीने ठरवून कामाला लागावे. ज्यांच्या पाण्यात आपण उतरणार त्यांना न विचारता नागपुराहून रबरी बोट आणून उतरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना बोट उतरवायला जागाही कोणी दाखवत नाही, आणि त्यात गावाचे काही चुकत नाही.

ऐकलेल्या काळावर विश्वास ठेवू नये. पूर्व विदर्भात प्रत्येक जुनी पाळ गोंडराजाची आणि पश्चिमेकडे प्रत्येक चुन्याविना रचलेले देऊळ हेमाडपंताचे असते. भंडारा-गोंदियाकडील कितीतरी तलाव कोहळी समाजाने बांधलेले आहेत, याची आठवण गावातच पुसट झालेली दिसते.

४. उन्हाळ्यात पायी पडताळणी करा

एप्रिलअखेर ते मृगाच्या पावसापर्यंत पातळी सर्वांत खाली असते. पावसाने आदल्या वर्षी ओढ दिली असेल, तर जे पाहण्यासाठी सिलिंडर लागले असते ते चप्पल घालून पाहता येते. दर्यापूर तालुक्यातील महिमापूरच्या सातमजली पायविहिरीसारख्या ठिकाणी तर पाणी कमी असताना पायऱ्यांवरूनच चांगले काम होते. पाण्यात उतरण्याचा मान मोठा वाटत असला तरी चित्रण म्हणून उन्हाळ्यातले कोरडे छायाचित्र जवळजवळ नेहमीच सरस निघते.

धोके मात्र येथेही आहेत. गाळ वरून भेगाळलेला आणि कोरडा दिसतो, पण त्याखाली मांडीपर्यंत पाय रुतेल एवढा चिखल असतो. हातात लाठी घेऊन पुढची जमीन टोचत चालावे आणि एकट्याने जाऊ नये. उघडी पडलेली जमीन गाळपेरीसाठी (गाळात पीक घेण्यासाठी) दिलेली असते किंवा नदीपात्रात डांगरवाडी लावलेली असते, म्हणून वाडीवाल्याला विचारूनच वेलांमधून जावे. जुन्या विहिरी व बारवांच्या बंद कमानींत शिरू नये. तेथे विषारी वायू साठतो आणि त्याचा वास नेहमी येतोच असे नाही.

माणसाने बांधलेले आणि निसर्गाने घडवलेले यांतला फरक याच वेळी तपासावा. पश्चिम विदर्भ बेसाल्ट खडकावर वसला आहे, आणि लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगांमुळे बेसाल्टचे पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. यवतमाळ जिल्ह्यातील शिबला परिसरात असे खांब आढळले आहेत. पाण्याखाली अंधुक प्रकाशात ते रचलेल्या भिंतीसारखेच दिसतात. छिन्नीचे घाव, खाचा-कुसे, लोखंडी पकडीसाठी केलेली छिद्रे किंवा एकाच मापाचे थर यांपैकी काहीतरी दिसेपर्यंत 'मंदिर सापडले' असे म्हणू नये.

५. परवानग्या आणि कागदपत्रे

मोठी व मध्यम धरणे बहुतेक विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या अखत्यारीत आहेत. अर्ज संबंधित विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे करावा. मामा तलाव बहुधा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात. अर्जाच्या प्रती तहसीलदार, पोलीस ठाणे, ग्रामपंचायत आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला द्याव्यात. अर्जासोबत पुढील कागद जोडल्यास फाईल अडून राहत नाही:

– ओळखपत्र आणि डायव्हिंग प्रमाणपत्राची प्रत, प्रत्येक सहभागी व्यक्तीची स्वतंत्र
– डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणि डायव्हिंगचा समावेश असलेला विमा
– अक्षांश-रेखांशासह नकाशा, तारखा, वेळ आणि अपेक्षित खोली
– मच्छीमार संस्थेचे ना-हरकत पत्र आणि डोंगा चालवणाऱ्याची संमती
– कोणतीही वस्तू हलवणार नाही, खणणार नाही व उचलणार नाही असे हमीपत्र

धरणाची भिंत, दरवाजे आणि वीजगृह यांची छायाचित्रे घेऊ नयेत. ड्रोन उडवायचा असेल तर ड्रोन नियम, 2021 प्रमाणे नोंदणी आणि क्षेत्राचा रंग (हिरवा, पिवळा की लाल, म्हणजे तेथे उडवायला परवानगी लागते का) आधी तपासावा.

६. उतरण्यापूर्वी बांबूचा कॅमेरा वापरा

लांब, सरळ बांबूच्या टोकाला लहान जलरोधक कॅमेरा आणि त्यापासून हातभर बाजूला टॉर्च बांधून डोंग्यातून खाली सोडावा. चार-पाच मीटर खोलीपर्यंत ही साधी युक्ती महागड्या साधनांच्या बरोबरीने काम देते आणि कोणाचा जीव धोक्यात येत नाही. मासे शोधण्याचे छोटे सोनार मिळाले तर त्यावर तळाची उंची आणि एखादा उभा खांब कळतो. दोन्हीतून काहीच दिसले नाही, तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये.

७. पाण्यात उतरताना

प्रशिक्षण तारकर्ली येथील राज्य पर्यटन महामंडळाच्या संस्थेत किंवा अंदमान, गोवा, पुदुच्चेरी येथील केंद्रांत घेता येते. प्राथमिक प्रमाणपत्राची मर्यादा 18 मीटर असली तरी ती स्वच्छ समुद्रासाठी आहे असे समजावे. आपल्या गढूळ पाण्यात 8-10 मीटरच्या पलीकडे जाण्याचे नवख्याला काही कारण नाही. पोहता येणे आणि गढूळ पाण्यात शांत राहणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

समुद्रात शिकलेल्या माणसाला गोड्या पाण्यात तरंगण्याचा आधार कमी मिळतो. तारकर्लीला लावत होतो तेवढेच शिसे येथे लावले तर तो थेट गाळात बसतो आणि त्याच्याभोवती सर्व अंधार होतो. साधारण 2 ते 3 किलो वजन कमी करून काठाजवळ आधी चाचणी घ्यावी.

उंचीकडेही लक्ष द्यावे. 300 मीटरपेक्षा उंच असलेल्या पाण्यात डायव्हिंगचे उंचीविषयक नियम लागतात, म्हणून ऊर्ध्व वर्धासारख्या जलाशयात डायव्हिंग संगणकाची (खोली आणि वेळ मोजणाऱ्या मनगटी यंत्राची) उंचीची जुळणी तपासावी. मोर्शीच्या बाजूला दिवसभर काम करून संध्याकाळी चिखलदऱ्याला मुक्कामाला जाण्याचा बेत अनेक जण आखतात. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे, आणि शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्याआधी घाट चढणे विमानात बसण्याइतकेच धोक्याचे ठरू शकते. एका डुबकीनंतर किमान 12 तास आणि अनेक डुबक्यांनंतर 18 तास थांबावे.

सिलिंडर भरून घेण्याची सोय जवळपास असेल असे गृहीत धरू नये. भरलेले सिलिंडर प्रमाणित केंद्रातूनच आणावेत. टायरच्या दुकानातील कंप्रेसरची हवा किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. पहिल्यात तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, तर शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरच्या खाली विषासारखा परिणाम करतो.

पाण्याखाली पुढील सापळे असतात. जाळ्यांचे तुटलेले नायलॉन तुकडे दिसत नाहीत, म्हणून दोन कापण्या जवळ असाव्यात, त्यांतील एक हाताशी आणि एक छातीवर. बुडालेल्या गावठाणात उघड्या विहिरी असतात. तळ अचानक नाहीसा झाला तर खाली न उतरता मागे फिरावे. घराच्या किंवा गाभाऱ्याच्या आत डोकेसुद्धा घालू नये, कारण भिजलेली माती आणि सैल दगड बुडबुड्यांच्या धक्क्यानेही खाली येतात. धरणाचे दरवाजे, कालव्याचे तोंड आणि उपसा सिंचनाच्या विहिरी यांपासून फार दूर राहावे. तेथील ओढ पृष्ठभागावर जाणवत नाही आणि पकडल्यावर सुटत नाही. पाणी सोडण्याची वेळ शाखा अभियंत्यांकडून त्याच सकाळी फोनवर खात्री करून घ्यावी. काठापासून स्थळापर्यंत बांधलेला दोर, जोडीदार आणि डोंग्यावर वरती बसलेला तिसरा माणूस याखेरीज उतरू नये. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते, म्हणून गोसीखुर्दच्या त्या बाजूला पाण्यात उतरण्यापेक्षा बांबूचा कॅमेरा बरा.

८. छायाचित्रे घेताना

पाण्याखालच्या छायाचित्रांसाठी उत्तम काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यातला गाळ तोवर बसलेला असतो आणि शेवाळ अजून वाढलेले नसते. पाणी थंड असते, त्यामुळे जाड सूट लागतो. सकाळी दहा ते दुपारी दोनपर्यंत ऊन उंच असताना काम करावे.

मोठ्या कोनाची लेन्स आणि विषयाच्या अगदी जवळ जाणे, हाच गढूळ पाण्यावरचा उपाय आहे. दिवा कॅमेऱ्यावर न लावता हात लांब करून बाजूला धरावा, नाहीतर तरंगणारे कण पांढरे चमकून चित्र भरून टाकतात. पाय बेडकासारखे बाजूला मारावेत; खालीवर मारलेल्या पायाने उडालेला गाळ बराच वेळ बसत नाही. प्रत्येक स्थळाच्या निदान एका चित्रात काळी-पांढरी मापपट्टी आणि उत्तरेची दिशा असावी. एखाद्या शिळेचा त्रिमितीय नमुना करायचा असेल तर प्रत्येक चित्राचा दोन-तृतीयांशहून अधिक भाग पुढच्या चित्रात यावा अशा रीतीने तिच्याभोवती फिरावे. शिळेवरचे शेवाळ किंवा माती ब्रशने घासू नये. हाताने पाणी हलवून निघेल तेवढेच निघू द्यावे.

९. काही सापडले तर

जागेवरून काहीही उचलू नये. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 नुसार 100 वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे किंवा शिल्प पुरावशेष ठरते. नाणी, दागिने असे दडवलेले धन सापडून त्याची किंमत 10 रुपयांहून अधिक असेल, तर 1878 च्या निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. सांगायला विसरलो, असे म्हणून सुटका होत नाही.

समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकण्यापूर्वी त्यातील स्थानाची माहिती काढून टाकावी आणि काठावरची ओळखीची झाडे, टेकड्या दिसणारी चित्रे ठेवून द्यावीत. आपल्याकडे गुप्तधनाच्या मागे लागलेल्या टोळ्या आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरताच त्या सब्बल घेऊन पोहोचतात आणि चांगला नंदी फोडून ठेवतात. गावकऱ्यांना स्थळ दाखवताना मात्र काही लपवू नये. त्यांच्याच गावाचा तो भाग आहे, आणि पहारा तेच ठेवणार आहेत.

पुरातत्त्व कार्यालयाला पाठवायच्या टिपणात स्थळाचे अक्षांश-रेखांश, त्या दिवसाची जलाशयाची पातळी, मोजलेली खोली, दगडाचा प्रकार, मापे, छायाचित्रांचे क्रमांक आणि माहिती देणाऱ्या गावकऱ्यांची त्यांच्या संमतीने नावे असावीत. काळाविषयीचा आपला तर्क लिहायचा असेल तर तो वेगळ्या परिच्छेदात लिहावा. टिपणाची पोच शिक्क्यासह घ्यावी आणि एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरण्याच्या सुमारास त्याच पोचेचा संदर्भ देऊन पाहणीसाठी स्मरणपत्र पाठवावे.